धान वटवट्याचा खण

संग्रहालयात मेलेल्या पाखरांची कातडी सोलून त्यांत कापूस भरणाऱ्या त्या गड्याला सगळे चोचमास्तर म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. एकतीस वर्षं त्यानं पाखरं भरली, पायाला चिठ्ठी बांधून खणात निजवली, आणि जित्या माणसांतल्या एकालाही हिशेबात धरलं नाही.

त्याचं डोकं सगळ्यात जास्त फिरायचं ते वटवट्या जातीच्या पाखरांवरून. गळ्यात हातभर कॅमेरे अडकवून हौशी लोक यायचे आणि फोटो पुढं करून विचारायचे, ही कुठली चिमणी? चिमणी म्हटलं की मास्तर त्यांच्याकडं असा बघायचा, जणू त्यांनी जेवणाच्या ताटात बूट ठेवलाय. वटवटे सगळे मातकट, सगळे बोटाएवढे. भुवईची फिकट रेघ डोळ्याच्या मागं कुठवर जाते, चोच केवढी, खालची चोच टोकाला काळी की सबंध फिकट, एवढ्यावर खेळ. संग्रहालयाच्या प्रमुखांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कोट तेवढा अंगाला बेतशीर बसायचा, एवढंच त्यांचं शिक्षण, असं मास्तर घरी आक्काला सांगायचा. आक्का म्हणायची, तुला मेलेलं काय ते बरं वाटतं.

आता त्या सबंध कपाटात बोरू वटवटे ढिगानं, पण धान वटवट्याचा पक्षी एकच, आणि तो मास्तरनं ओळखलेला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तळ्याकाठच्या बोरूत मेलेला सापडला, यानंच सोलला, भरला, चोचीचं काळं टोक बघून नाव लिहिलं. चिठ्ठीवर सही याची. कुणी पाहुणे आले की प्रमुख मुद्दाम तो खण उघडून दाखवायचे, आणि मास्तर दारात हाताची घडी घालून उभा राहायचा. आयुष्यात मिरवायला त्याच्यापाशी तेवढंच होतं.

एक दिवस विद्यापीठातली बाई वटवटे तपासायला मोजपट्टी घेऊन आली. मास्तरनं तिचे पातळ बूट पाहिले आणि मनातल्या मनात तिला निकालात काढलं. ती दिवसभर मोजत बसली. संध्याकाळी तिनं तो एकुलता पक्षी त्याच्यासमोर ठेवला.

"काका, चोच लांब भरते. आणि भुवई डोळ्याच्या मागं जातच नाही."

"टोक बघा," मास्तर म्हणाला. "टोक काळं आहे. शिकवलं नाही का कुणी?"

तिनं पिशवीतून बाटली काढली. स्पिरिटचा बोळा चोचीच्या टोकावर फिरवला. बोळा काळा झाला. चोच फिकट झाली.

मास्तरला एकदम तो दोरा आठवला. पाखरू भरल्यावर वाळेस्तोवर चोच मिटून राहावी म्हणून दोरा बांधतात. पांढरा बांधायचा असतो. त्या वर्षी पांढरा दोरा संपला होता, म्हणून यानं आक्काच्या शिवणाच्या डब्यातला काळा उचलला होता. ओल्या चोचीवर त्याचा रंग उतरला, आणि हा पठ्ठ्या आपणच फासलेलं काजळ एकतीस वर्षं जगाला दाखवत बसला. डोळ्यांदेखत लांब चोच होती, आखूड भुवई होती. कॅमेरेवाल्यांनी निदान चिमणी म्हणून विचारलं तरी होतं. यानं तेवढंही केलं नाही.

बाई हळूच म्हणाली, "मी लिहिलं नाही अजून. राहू दे वाटलं तर."

दया करणाऱ्याचा मास्तरला नेहमीच जास्त तिटकारा. "बोरू वटवट्या आहे," तो म्हणाला. "लिहा."

जुनी चिठ्ठी काढायची नसते, तसा कायदाच आहे त्या कामाचा. चुकीचं नावही पक्ष्याच्या पायाला जन्मभर लटकतं. मास्तरनं स्वतःच्या हातानं नवी चिठ्ठी जुनीशेजारी बांधली, खाली बाईचं नाव घातलं, आणि पक्षी बोरू वटवट्यांच्या गर्दीत नेऊन ठेवला. तिथं तसले चाळीस होते.

दुसऱ्या दिवशी चार पाहुणे घेऊन प्रमुख आले आणि ऐटीत म्हणाले, तो आपला खास खण उघडा बघू.

मास्तरनं खण बाहेर ओढला. आत नुसता कापूस.

"पाखरू चुकीचं होतं," तो म्हणाला. "मीच चुकलो होतो. पाहुण्यांना शहामृग दाखवा साहेब, तो तुम्हालाही ओळखता येईल."