येळवसाची भज्जी आणि शेतातलं शिसं

दरवर्षी येळवस जवळ आली की रेणापूरजवळच्या गावातून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन येतो. "कधी निघायलीस?" एवढंच विचारते. येणार का, असं कधी विचारत नाही. यंदा मात्र म्हणाली, "येऊ नको बाई. यंदा कोणालाच बोलवत न्हाई मी."

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर भागातलं घरन् घर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि भज्जी खायची. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. शेतातले ताजे दाणे, शेंगा, पालेभाजी सगळं एकत्र शिजवून, बेसन लावून केलेली दाट भाजी. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या दिवशी हाक मारून जेवायला बसवतात. आणि अक्का कोणालाच बोलावणार नव्हती.

कारण मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्याने, गावतळ्यातला काळा गाळ शेतात पसरला. जमीन सुधारते म्हणून सगळेच पसरतात. पण दाजींनी उचलला तो नाल्याच्या तोंडाचा, आणि त्या नाल्यावर पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायची एक शेड होती. शेड केव्हाच बंद पडली. पावसाळ्यानंतर कोणीतरी म्हणालं, त्या गाळात शिसं असणार. झालं. अक्काने शेतातली भाजी घरात आणणं बंद केलं, नातीला रानात नेणं बंद केलं. दाजींनी ठरवून टाकलं की येळवस झाली की जेसीबी लावायचा, वरचा थर खरवडून नाल्याकडेला टाकायचा. उभ्या तुरी-हरभऱ्यासकट.

मागच्या महिन्यात मी गावी जाऊन तळ्यातला गाळ, शेतातली माती, तुरीच्या शेंगा आणि मेथी अशा पिशव्या भरून नांदेडला आणल्या होत्या. माझ्या ओळखीच्या एक बाई इथल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. त्यांनी तपासणी करून घेतली आणि अमावस्येला दोन दिवस असताना मला बोलावलं.

"शिसं आहे," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून घाईने पुढे म्हणाल्या, "थांबा, पूर्ण ऐका. गाळात आहे. शेतातल्या मातीत थोडं आहे. शेंगांत आणि भाजीत मर्यादेच्या बरंच आत आहे."

"मग ते गेलं कुठे?"

"कुठेच नाही. जागेवरच आहे, पण बांधलेलं आहे."

मला समजलं ते असं. तळ्याच्या तळाशी, गाळात, हवा नसते. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास चालवतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सोडतात. त्यातल्या गंधकाला शिसं घट्ट चिकटतं आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारा काळा कण होऊन बसतं. गाळ शेतात आला, हवा लागली, की या गाठी हळूहळू सुटू लागतात. पण अक्काचं रान काळ्या चिकण मातीचं, चुनखडीचं. सुटलेलं शिसं मातीच्या बारीक कणांनी धरलं आणि चुन्यामुळे ते सहजी विरघळेना. मुळांच्या हाती फारसं लागलंच नाही.

"आणि वरचा थर खरवडला तर?"

"तर तुमचे दाजी ते पुन्हा नाल्यात घालतील. पावसात वाहत जाईल, धूळ उडेल ती वेगळीच. आहे तिथे राहू द्या म्हणावं."

मला अजून एक शंका होती. "येळवसाला आम्ही शेतात आंबील शिंपडतो. ताकाची, चांगली आंबट. आंबटाने शिसं सुटतं ना?"

बाई मनापासून हसल्या. "अहो, तांब्याभर ताक ती जमीन सहज पचवेल. खुशाल शिंपडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून लातूरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि रस्ता आता झकास झालाय. फक्त याच दिवसांत लोह्याच्या पुढे माळेगावची यात्रा असते, तेव्हा जेवढ्या लवकर निघाल तेवढं बरं. आमची बस घोडे, गाढवं, पाळणे आणि भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या माणसांतून मुंगीच्या चालीने सरकली. मला एरवी उतरून फिरावंसं वाटलं असतं. त्या दिवशी मी तपासणीचा अहवाल ठेवलेली पिशवी छातीशी धरून बसले होते. लातूरला स्टँडबाहेर गाड्यावर निलंगा राईस खाल्ला; गरम, तिखट, आणि पोटभर खाऊनही स्वस्त. तिथून रेणापूरला बस आणि पुढे शेअर रिक्षा. एक लक्षात ठेवा, येळवसाच्या आदल्या दिवशीच पोहोचा. येळवसाच्या दिवशी लातूर शहर कर्फ्यू लागल्यासारखं रिकामं असतं, रिक्षावालेसुद्धा रानात.

दाजी गोठ्यात होते. मी चहाचीही वाट पाहिली नाही.

"दाजी, जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगा."

"का? शिसं न्हाई निघालं व्हय?"

"निघालं."

"मग?"

मला जमेल तसं सगळं सांगितलं. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "म्हंजे आपल्याच रानानं धरून ठिवलंय मन्तीस?"

"हाव. पण नाल्याच्या तोंडाचा गाळ परत आणायचा नाही. पालेभाजीची मुळं कापून तीन पाण्यांनी धुवायची, पोरीचे हात धुवायचे. आणि दरवर्षी तपासायचं."

"आन समजा, सोडलं तर?"

"म्हणूनच तपासायचं."

त्यांनी फोन लावला. "आरं, नगं येऊ तू. न्हाई, दुसरा जेसीबी न्हाई बगितला. मेव्हणी मन्ती रान ऱ्हाऊ द्या."

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. तिने एकच विचारलं, "लेकरांना खायाला घालू?"

"घाल."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता रडेल, तर उठली आणि म्हणाली, "मग बसलीस काय? शेंगा तोडायच्या हायत, दाणे कोन सोलनार?" त्या संध्याकाळी आम्ही दोघी सोलत बसलो. मधूनच ती फोनवर कोणाला तरी सांगायची, "उद्या या बरं का कोपीवर."

येळवसाच्या दुपारी ऊन कोवळं होतं. आंबिलीने भरलेलं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, आणि मोठ्या पातेल्यात भज्जी. दाजींनी शेताला फेरी मारत आंबील शिंपडली. तेवढ्यात शेजारच्या रानातली गंगूमावशी बांधावर येऊन उभी राहिली. शिशावरून गावात सगळ्यात जास्त तोंड तिनेच चालवलं होतं.

"काय गं, शिसं शिजवलंस का भज्जीत?"

"शिजवलंय की! ये, दात पाडून घे."

"हायतच कुठं मला दात!" म्हणत मावशी बांध उतरून आली आणि मांडी घालून बसली. दोनदा वाढून घेतलं. तिच्या मागून तिची सून आली, मग सुनेची माहेरची माणसं. अक्का उभीच होती, पळी हातात घेऊन, कोणाचं पान रिकामं होतंय ते बघत. नात तिच्या कडेवर.

निघताना अक्काने मेथीची जुडी पिशवीत कोंबली. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

नांदेडला घरी परतल्यावर संध्याकाळी ती काढली. खरं सांगते, क्षणभर हात अडला. अक्काला 'घाल' म्हणणं सोपं होतं. समोर माझी लेक बसली होती. बाईंचे शब्द पुन्हा आठवले, मग मुळं कापली आणि तीन पाण्यांनी मेथी धुतली. परातीच्या तळाशी काळी माती बसली. ती मोरीत ओतणार होते, पण थांबले; तिथून ती पुन्हा नाल्यातच गेली असती. गॅलरीत मोगऱ्याची कुंडी आहे, तिच्यातही मी गावाकडचीच काळी माती घातलेली. परात तिथे रिकामी केली. पाणी हळूहळू जिरलं, गाळ वर राहिला, मी बोटाने तो मातीत दाबला आणि हात साबणाने धुतले.

मग मेथी फोडणीला टाकली, लेकीच्या ताटात वाढली आणि माझ्याही.