मैदान प्रभूने परत दिले

माझा जन्म ख्रिस्ती घरातला, पण नव्वदच्या दशकात कोल्हापुरात मी खरी भक्ती केली ती फुटबॉलची. रविवारी आई-वडील उपासनेला जात आणि मी बूट घेऊन मैदानावर. पेठेतली पोरं मला खांद्यावर घेऊन नाचत. मग एका सामन्यात उजवा गुडघा मोडला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितले, चालाल, पण खेळणे संपले.

त्यानंतर मी मैदानाकडे जाणेच सोडले. लांबून सामन्याचा आरडाओरडा ऐकू आला की खिडकी लावून घ्यायचो. आईच्या हट्टाखातर एका रविवारी चर्चमध्ये गेलो. पाळक काय बोलले ते ऐकलेही नाही. मी मनातल्या मनात भांडत होतो, "प्रभू, पाय बरा कर, नाहीतर ही ओढ तरी काढून घे." त्याने दोन्हींतले काहीच केले नाही.

उपासना संपवून बाहेर आलो, तर फाटकाशी एक अनोळखी बाई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. दोघी हुपरीहून एसटीने आल्या होत्या. घरी चांदीच्या पैंजणांचे काम. माझ्या शेजाऱ्यांनी त्यांना इकडे चर्चकडे धाडले होते.

"पावणं, फुटबॉल खेळायचा ते तुमीच न्हवं? हिला शिकवा की. पोरांत कोण घेत न्हाय."

"माझा पाय गेलाय, बाई."

"पायाचं ऱ्हाऊ द्या. येतंय ते तोंडानं सांगा की!"

मला हसू आले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

पुढच्या रविवारपासून, उपासनेनंतर, मी काठी टेकत मैदानावर त्या मुलीला शिकवू लागलो. तिच्यामागून आणखी मुली आल्या. लोक कुंपणाशी उभे राहून हसत. पहिल्या सामन्यात आम्ही सपाटून हरलो, तरी एकही मुलगी सोडून गेली नाही. जो आवेश मी गोल मारण्यात ओतत होतो, तो आता त्यांच्या पायांत उतरताना दिसे. माझी ओढ प्रभूने विझवली नव्हती, तिला फक्त वेगळी वाट दिली होती. हे कळले त्या दिवशी मी मनापासून प्रार्थना केली.

पुढे ती मुलगी जिल्ह्याच्या संघात खेळली. आता वारणानगरला शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मागे तिच्या शाळेतल्या मुलींचा अंतिम सामना होता, तिने मला मुद्दाम बोलावले. सामन्याआधी सगळ्यांना गोलाकार उभे केले आणि म्हणाली, "सर, तुमची प्रार्थना करा की."

त्यातली एकही ख्रिस्ती नव्हती, तरी साऱ्यांनी माना खाली घातल्या. मी पूर्वी देवाकडे फक्त विजय मागायचो. त्या दिवशी म्हणालो, "प्रभू, या पोरी तुझ्या हाती. यांना मनापासून खेळू दे." आणि "आमेन" असा काही दणक्यात आला की समोरचा संघ वळून बघू लागला!

जिंकल्या का? जिंकल्या की! पण माझा ऊर अभिमानाने भरून आला होता तो सुरुवातीची शिट्टी वाजायच्या आधीच.