दोन परसांवरची चिंधी

कंधारच्या बाजूला कुणी नवी विहीर खणायला काढली की किशनरावाची यारी यायची. यारी म्हणजे तळातला दगड-मुरूम बादलीनं वर ओढणारं इंजिन. चाळीस वर्षं त्याचा हात तिच्या ब्रेकवर. रिकामी बादली खाली सोडताना तळाच्या दोन परस वर, म्हणजे दोन माणसांच्या उंचीवर, ती थांबवायची. खालची माणसं कडेला सरली, हाळी आली, की मगच टेकवायची. दुसरे यारीवाले तेवढ्यासाठी दोराला खुणेची चिंधी बांधत; दोर गुंडाळायच्या ढोलावरून ती सुटली की ब्रेक दाबत. किशनराव हसायचा, "माझे काय डोळे फुटलेत का?"

फुटले नव्हते खरे. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरानं पाटीवरचे आकडे वाचायला लावले, गड्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. पण परवा सडकेवर त्यानं समोरून येणाऱ्या बसची पाटी वाचली, "उदगीर हाय, लई लांब हाय अजून," म्हणून पाऊल टाकलं, अन् बायकोनं, साखराबाईनं, धोतर धरून मागं ओढलं म्हणून वाचला. पाटी दिसायची, बस किती लांब ते कळायचं नाही. वर म्हणतो कसा, "डायवरच येडा व्हता."

तेव्हापासून साखराबाईला यारीची धास्ती. कारण विहिरीच्या तळाशी त्यांचाच लेक दयानंद पहार घेऊन उभा असायचा.

काल तिनं गुपचूप बघून ठेवलं होतं : बादली तळाला टेकली तेव्हा इंजिनाच्या ढोलावर दोराचे चार वेढे उरले होते. आज भाकरी घेऊन गेली तर बादली खाली चाललेली. तळ अर्धा उन्हात, अर्धा काळाकुट्ट. दयानंद वाकून खडकात अडकलेली पहार हलवत होता. बाप वर थांबवणारच, म्हणून त्यानं मान वर केली नाही.

"अवो, किती राह्यलं?"

"हाय की चार परस. तू भाकर सोड."

तिनं विहिरीत डोकावलंच नाही. तिचे डोळे तरी कुठं कोवळे होते? तिनं ढोलाकडं बघितलं. सहा वेढे. साडेपाच. चारला तर तळच.

"दाबा! दाबा म्हणते ना!"

हात दचकून ब्रेकवर पडला. दोर करकरला. खाली बादली दयानंदच्या डोक्यावर वीतभर अंतरावर झोके खात राहिली.

किशनरावानं इंजिन बंद केलं. मग दयानंद शिडीनं वर आला, घाम पुसत म्हणाला, "आबा, केस कापायचे व्हते तर न्हाव्याकडं गेलो असतो की."

आबा हसला नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, टरकन फाडला. पट्टी लेकापुढं धरली.

"कुठं बांधायची, तूच दाव."

विहीर रोज खोल जायची, म्हणून चिंधीही रोज सकाळी सरकवावी लागायची. ते काम दयानंदचं. अन् गाठ ओढून बघायचं साखराबाईचं. त्यासाठी भाकरी आता सकाळीच यायला लागली.