परूशी आणि शेजारचा रब्बी
मसूर शिजायचा वास आला की मला अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाकडे काढलेले ते दिवस आठवतात. हिने आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते मटार सोलायचं. दुसऱ्या दिवशी ती गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, तेराव्याला भटजी मिळत नाहीये." मग हिला गती कशी मिळणार, या धास्तीने मला घास उतरेना. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारचा म्हातारा, ज्यूंचा रब्बी, मसुराचं भांडं घेऊन आला. दुःखाच्या घरी शेजाऱ्याने जेवण न्यायचं, ही त्यांचीही रीत. मी मिशनच्या शाळेत दोन यत्ता शिकलेला. बायबलच्या गोष्टींतले परूशी म्हणजे ढोंगी ज्यू, एवढंच तिथे ऐकलेलं. मुलाला म्हटलं, "विचार त्याला, तू परूशी का?" "बाबा, असं विचारतात का!" म्हणत त्याने विचारलं. म्हातारा खो खो हसला. मग तो बोलत गेला आणि मुलगा मराठीत सांगत गेला, "परूशी हा दोन हजार वर्षांपूर्वी यांचं मोठं देऊळ उभं होतं तेव्हाचा पंथ. त्यांना ढोंगी म्हणणारे त्यांच्याशी भांडणारे ज्यू भाऊबंदच. रब्बी म्हणजे धर्म शिकवणारा. देऊळ पडलं, पुजाऱ्यांचे यज्ञ थांबले, तेव्हा परूश्यांची शिकवण रब्बींनी पुढे नेली, की घरच्या टेबलाशी केलेली प्रार्थनाही देवाला पोचते." "म्हणजे भटजीवाचून चालतं?" मी विचारायला लावलं. "आमचं चाललं," म्हातारा म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." छातीवरचा धोंडाच उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मीच भात रांधला, टेबलावर हिचं पान वाढलं आणि मंत्र येत नव्हते म्हणून साध्या मराठीत म्हणालो, "जेव पोटभर, आणि सुखाने जा."