मातामायचा चेहरा

बालाघाट जिल्ह्यात, लांजीजवळच्या आमच्या मामाच्या गावी, शिवेवर मोहाच्या झाडाखाली मातामाय होती. होती म्हणजे काय, गुडघाभर उंचीचा शेंदराचा एक गोळा होता. नाक नाही, डोळे नाहीत. तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, आपण ज्या बाजूला उभे असतो, त्या बाजूला.

दर चैत्रात तिला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, जुन्यावर नवा. जुना खरवडायचा नाही. कधीतरी थर जड होऊन आपोआप गळून पडला, तर मायनं कवच सोडलं म्हणायचं आणि ते वाजतगाजत नदीत शिरवायचं. मग त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, नवा शेंदूर. माय उघडी राहता कामा नये.

शेंदराचा मान मामाच्या घराण्याकडे होता. लग्न होऊन आल्यापासून मामीच लावायची, मामा गेल्यावरही. मामीची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याच्या वेळी तिनं मायला साकडं घातलं, हा जगला तर जिवात जीव असेतो दर चैत्रात माझ्या हातचा शेंदूर. तो जगला. पुढे भरवेलीच्या खाणीत कामाला लागला आणि तिथल्याच कॉलनीत राहू लागला. खाणीत कुठे काही झाल्याची बातमी आली की मामी आधी शिवेवर जायची, मग फोन लावायला.

नवं शतक लागलं तेव्हा आमच्या बालाघाटात सायबर कॅफे निघाले होते आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, त्यांचं वेड लागलं होतं. कचेरी सुटली की हा तिथे. जिल्ह्यातल्या जुन्या मूर्तींचे फोटो इंटरनेटवर टाकायचे, असं त्यानं मित्रांबरोबर ठरवलं. आपली पोरं घरातसुद्धा हिंदी बोलतात, उद्या आपलं आहे तरी काय हे त्यांना कोण सांगणार, म्हणायचा. त्याची कळकळ खरी होती. मला जास्त राग त्या कळकळीचाच येतो. लबाड माणसाला निदान शिव्या तरी देता येतात.

मातामायच्या शेंदराखाली जुनी मूर्ती असणार, असं त्याला कुणीतरी सांगितलं. मागून आणलेला डिजिटल कॅमेरा घेऊन मंडळी गावात गेली. मीही गेले होते. सारी दुनिया तुमच्या मायचं दर्शन घेईल, असं दादानं गावकऱ्यांना सांगितलं. दुनियेचं नाव काढल्यावर नाही कोण म्हणतो? गरम पाणी आलं, खुरपी आली. दुपारपर्यंत शेंदराचे ढलपे मातीत पडले आणि आतून एक बाई बाहेर आली. सरळ नाक, कानात मोठी कुंडलं, कडेवर मूल. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. लोकांनी हात जोडले. मामीनं मात्र पदर तोंडावर ओढून पाठ फिरवली.

फोटो झाल्यावर मामी शेंदराची वाटी घेऊन आली. दादानं तिला अडवलं. आता पुन्हा थापू नको मामी, एवढं कोरीव काम झाकून जाईल. मामी दिवस कलेपर्यंत वाटी घेऊन उभी होती. मग एवढंच म्हणाली, "बापू, तिले असी उघडी नको ठेवू." तो हसला. गावानंही त्याचीच री ओढली, कारण आता त्यांची माय पाहण्यासारखी झाली होती.

इंटरनेटवर फोटो चढला. खाली गावाचं नाव, झाड, लांजीहून यायचा रस्ता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं म्हणतात ते हेच. शेंदराच्या गोळ्याकडे इतकी वर्षं कुणी वळून पाहिलं नव्हतं. पुढचा चैत्र यायच्या आतच एका सकाळी झाडाखाली नुसता खड्डा होता.

मामी पहिल्या बसनं बालाघाटला आली. तिच्या पदराच्या गाठीत शेंदराची पुडी होती. माय सापडली तर लगेच लावता यावा म्हणून आणली होती. मला रडू आलं, आणि दादाला मारावंसंही वाटलं. तो तक्रारीसोबत द्यायला फोटोची रंगीत प्रत काढायला निघाला होता. तो आम्हाला कॅफेत घेऊन गेला आणि मामीला पडद्यासमोर बसवलं.

"हे कोन आहे?" मामीनं विचारलं.

"आपली मातामाय, मामी."

ती पडद्याजवळ वाकली. "मी लगन होऊन आली तवापासून तिले शेंदूर लावून राह्यली. हिले मी ओयखत नाही."

घरी आल्यावर तिनं पाट मागितला, थोडं तेल मागितलं. पाटावर फोटोच्या प्रतीचा कागद ठेवला आणि बोटानं शेंदूर लावायला बसली. आधी कुंडलं गेली, मग नाक, मग डोळे. कडेवरच्या मुलापाशी तिचं बोट जरा थांबलं. मग तेही गेलं. ती प्रत पोलिसांसाठी होती, असं दादा पुटपुटला. मी त्याला गप्प बस म्हटलं. कागदावर लाल गोळा तेवढा उरला, तेव्हा मामीचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. तिनं हात जोडले आणि खाणीतल्या मुलाचं नाव घेऊन काहीतरी मागितलं. आम्हीही हात जोडले. मला त्या घटकेला खरंच वाटलं की काहीतरी परत आलं.

मग कपाळाला लावायला म्हणून तिनं कागद उचलला. तेलानं भिजून तो मऊ झाला होता. मधोमध फाटला आणि तिच्या हातात दोन तुकडे राहिले.

दादा घाईघाईनं पुढे झाला. "रडू नको मामी. दुसरी काढून आणतो. पाहिजे तेवढ्या निघतात."

मामीनं ते तुकडे पदरात घेतले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मले एकच पायजे होती, बापू."