वैमानिकाची चूक म्हणे!

माझा धाकटा भाऊ विमानासकट समुद्रावर नाहीसा झाला, त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी पेपरात आलं की चूक बहुधा त्याचीच असावी. कोलकात्यात बेहालातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चहा गाळत होते. नवऱ्याने पेपर घडी घालून फ्रिजवर ठेवला, तेव्हाच मी ओळखलं. ओढून घेऊन वाचला. ‘खराब हवामानाच्या सूचनेकडे वैमानिकाने दुर्लक्ष केल्याची शक्यता,’ असं कंपनीच्या सूत्रांनी म्हटलं होतं. विमान सापडलं नव्हतं, माणसं सापडली नव्हती, एक तुकडासुद्धा हाती लागला नव्हता. चूक तेवढी सापडली होती!

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही नागपूरहून कोलकात्याला आलो. पुढे भावालाही इथलीच नोकरी लागली, तेव्हा आई म्हणाली होती, “ताई आहे ना तिथे, जेवणाची तरी आबाळ नाही.” एका खासगी सर्वेक्षण कंपनीचं दोन इंजिनांचं छोटं विमान तो उडवायचा. किनाऱ्याचे आणि नदीच्या मुखाचे वरून फोटो काढायचं काम. सोबत कॅमेरा सांभाळणारा एकच जण. रविवारी जेवायला आमच्याकडे. त्या शेवटच्या रविवारी भातावर तूप वाढून घेताना तो म्हणाला, “विमानात एक नारंगी डबा असतो. विमान कोसळलं की तो आपोआप उपग्रहाला खूण पाठवतो. आमच्या डब्याच्या बॅटरीची मुदत संपलीय. दोनदा लिहून दिलं, बदलतच नाहीत.”

“मग उडू नकोस.”

“मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला पाठवतील. विमान ठणठणीत आहे गं.”

मंगळवारी तो उडाला. माझा राग त्याच्यावरही आहे, हे मी कुणाजवळ बोलत नाही. नाही म्हणायला हवं होतं त्याने. पण नाही म्हणण्याची पाळी त्याच्यावर आणली कुणी?

जहाजांनी नऊ दिवस शोध घेतला. खूणच आली नव्हती, त्यामुळे शोधायचं कुठे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दहाव्या दिवशी शोध थांबला आणि अकराव्या दिवशी कंपनीचा माणूस एक कागद घेऊन दारात उभा राहिला. कुटुंबाची शोधकार्याबद्दल काहीही तक्रार नाही, असं त्यावर आधीच टाइप केलेलं. “मॅडम, फक्त सोपस्कार आहे,” तो हिंदीत म्हणाला.

“आधी पेपरात दिलेलं मागे घ्या.”

“ते आम्ही दिलेलंच नाही.”

“मग कुणी दिलं? समुद्राने?”

कागद त्याच्या हातात परत देऊन मी दार लावून घेतलं.

चौकशीचं सरकारी कार्यालय डमडमला, विमानतळाजवळ होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा बाकावर साठीचे एक गृहस्थ बसले होते. कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाचे वडील. मी कोण ते कळल्यावर उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि तिथून बंगालीत म्हणाले, “तुमचा भाऊ माझ्या मुलाला घेऊन गेला.” मला एवढी बंगाली समजत होती. समजली नसती तर बरं झालं असतं. एका बातमीने दोन घरांमध्ये हे पेरलं होतं.

बॅटरीबद्दल त्याने लिहून दिलं होतं ते दाखवा, म्हटल्यावर आतल्या साहेबांनी हात पसरले. “नोंदवही विमानात होती. विमान समुद्रात. आम्ही काय दाखवणार, सांगा?”

मी परत आले. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त विमान-तंत्रज्ञ राहतात. जिन्यात त्यांना हे सांगितलं, तर त्यांचा चेहराच बदलला. “नोंदवही विमानात जाते, बरोबर. पण उडण्याआधी त्या दिवसाच्या पानाची प्रत फाडून जमिनीवर ठेवावी लागते. नेमकी अशाच दिवसासाठी! ती मागा.”

मागितली. अर्ज केला, तो हरवला. दुसरा केला, तो दुसऱ्या विभागाचा निघाला. शेवटी माहितीच्या अधिकाराखाली केला. पानाची प्रत मागितली आणि हवामानाची सूचना किती वाजता निघाली, एवढंच विचारलं. आई रोज फोनवर विचारायची, “काही कळलं का गं?” सात महिने मी तिला “उद्या” म्हणत होते.

पाकीट आलं ते एका दुपारी. झेरॉक्सवर त्याचं अक्षर होतं, लहानपणापासून डावीकडे झुकलेलं. डब्याच्या बॅटरीची मुदत संपली आहे, तिसऱ्यांदा कळवत आहे. खाली दुसऱ्याच कुणाची सही आणि शेरा: पुढच्या तपासणीपर्यंत चालेल. चालेल! दुसऱ्या कागदावर हवामानाच्या सूचनेची वेळ होती. विमान उडाल्यानंतर पन्नास मिनिटांनी ती निघाली होती. जी सूचना अजून जन्मालाच आली नव्हती, तिच्याकडे माझ्या भावाने दुर्लक्ष केलं होतं.

दोन्ही कागद घेऊन मी सियालदहला गेले. कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाच्या वडिलांचा तिथल्या बाजारात भाजीचा घाऊक गाळा आहे. मला पाहून ते आधी उठलेच नाहीत. मी मोडक्यातोडक्या बंगालीत एकेक ओळ वाचून दाखवली. कोबीची पोती उतरत होती, हमाल ओरडत होते, मला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

“डबा चालू असता तर, दीदी?”

“जागा लगेच कळली असती.”

त्यांनी वजनकाट्यावरचं वजन उचलून खाली ठेवलं. मग म्हणाले, “माझा मुलगा पोहायचा. गावच्या तळ्यात मीच शिकवलं होतं त्याला. मग तो किती वेळ पाण्यात होता?”



अंतिम अहवाल आणखी पाच महिन्यांनी आला. विमान न सापडल्याने अपघाताचं कारण सांगता येत नाही. वैमानिकाने चूक केल्याचा पुरावा नाही. नारंगी डब्याबद्दल एकच वाक्य, तेही शेवटच्या परिशिष्टात. इमारतीच्या पाणी चढवणाऱ्या पंपाबद्दल लिहावं तसं. ज्या पेपराने पहिल्या पानावर ‘शक्यता’ छापली होती, त्याने या अहवालाची ओळसुद्धा छापली नाही. मी तो फोनवर आईला मराठीत वाचून दाखवला. “म्हणजे त्याची चूक नव्हती,” ती म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी आणि त्या मुलाचे वडील, आम्ही दोघांनी मिळून आणखी एक अर्ज केला. सियालदहच्या गाळ्यावरच तो लिहिला. डबा चालू असता तर मदत किती वेळात पोहोचली असती, एवढा एकच प्रश्न. खाली माझी मराठीत सही, त्यांची बंगालीत. महिन्याने उत्तर आलं: प्रश्न काल्पनिक स्वरूपाचा असल्याने माहिती पुरवता येत नाही.

काल्पनिक! दोन माणसं पाण्यात पडली, हे काल्पनिक नव्हतं. आम्ही अपील केलं आहे. सुनावणी अजून लागलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघं तारीख विचारायला डमडमला जातो, आणि आता त्या बाकावर शेजारी शेजारी बसतो.