कोटेशनच्या खालची ओळ

माझं पहिलं कथांचं पुस्तक आलं तेव्हा प्रकाशक म्हणाले, "मॅडम, हल्ली लेखकानंच थोडी जाहिरात करावी लागते. निदान ई-मेलच्या खाली, सहीजवळ, पुस्तकाचं नाव टाकत जा." कप्पाळ माझं! मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, मला ई-मेल करतो कोण? मी ते हसण्यावारी नेलं. ह्यांनी नेलं नाही.

ह्यांचं औशात पाइप-मोटारींचं दुकान. दिवसभर ई-मेलनं गिऱ्हाइकांना कोटेशन, कंपन्यांना ऑर्डरी जायच्या. ह्यांनी मला न विचारता त्या सगळ्यांखाली कायमची ओळ घालून ठेवली: 'आमच्या सौ.चं पुस्तक जरूर वाचा. दुकानात मिळेल.' पुस्तकाचं नावसुद्धा नाही! मला कळलं ते सोलापूरच्या एका कंपनीचं उत्तर आलं तेव्हा. पाइप पाठवतो, पुस्तक हा माल आमच्याकडे नाही. मी अशी संतापले! "अहो, हसं करून ठेवलंत माझं. पुस्तक म्हणजे काय वॉशर आहे का, पाइपासोबत खपवायला?"

"वाचंल की कोणीतरी," हे म्हणाले. "खालीच तर टाकलंय. माणूस आधी खालीच बघतो."

माणूस कशाला, हेच बघायचे. बिल आलं की आधी खालची टोटल, मग वरचा पसारा. पेपर शेवटच्या पानापासून. माझी कथा वाचायला दिली तर तीही शेवटून, आणि "शेवट लई भारी हाय," म्हणून मोकळे. पण खरं सांगते, त्या ओळीनं पुस्तकं खपली. मोटार न्यायला आलेला माणूस, "ते सौ.चं पुस्तक पण द्या एक," म्हणायचा आणि मी वर्गात असले तरी ह्यांचा फोन यायचाच.

मग ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. लातूरला तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट पाठवा, ऑपरेशन करायचं का ते त्या सांगतील. ह्यांनी दुकानाच्याच ई-मेलवरून पाठवले, ओळीसकट.

"अहो, इथं तरी नको होती ती."

"राहू दे गं. डॉक्टर काय पुस्तकं वाचत नसतेत व्हय?"

उत्तर आलं तेव्हा आम्ही दोघं दुकानातच होतो. ह्यांनी सवयीनं आधी तळ गाठला आणि ओरडलेच, "अगं, पुस्तक मागितलंय! त्यांच्या आईला पाहिजे म्हणं. बघ, मी म्हणलो नव्हतो?" एवढे खूश की तिथंच कपाटातून एक प्रत काढली, माझ्या हातात पेन दिला. "सही कर. नीट अक्षर काढ." मी सही करत होते आणि हे खालून वर वाचत चालले होते. मग माउसवरचा हात काढून घेतला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"ऑपरेशनचा उपयोग न्हाई म्हणतेत." मग सही केलेली प्रत उचलून म्हणाले, "पुस्तक मात्र पाठवू."

गिऱ्हाइकं उभी होती, तरी मी मोठमोठ्यानं रडले. पुस्तक ह्यांनी स्वतः बांधून कुरिअरला दिलं.

त्यानंतर ह्यांनी वर्षही काढलं नाही. दुकान आता धाकटे दीर बघतात. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. हे गेल्याचं आणि पुढचा व्यवहार दीर बघणार असल्याचं सगळ्या कंपन्यांना कळवायचं होतं. चार ओळी मी सांगितल्या, त्यांनी टाइप केल्या. मग ते नुसतेच स्क्रीनकडे बघत बसले. मजकुराखाली ह्यांची ओळ आपोआप आली होती.

"वहिनी," ते मान खाली घालून म्हणाले, "आता सौ. कसं ठेवावं? श्रीमती करू का?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कपाळ मोकळं झालं तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं मला ते लागलं.

"पुढच्या मेलपासून काय ते करा," मी म्हटलं. "एवढ्या एकाला राहू द्या."

एवढ्या कंपन्यांमध्ये ह्यांच्यासारखं खालून वाचणारं कुणीतरी असेलच. ते वरच्या चार ओळींपर्यंत पोचेस्तोवर तरी मी सौ. असेन.